चार आखाज्या आणि एक खोडलेलं वाक्य

माणसं आत्मकथन लिहायला बसतात ती दात पडल्यावर. माझे सगळे शाबूत आहेत. मी अजून चाळिशीलाही टेकलेली नाही, आणि साड्यांवर खडे चिकटवणाऱ्या बायकांसाठी आजही पत्रकं लिहिते, वाटते, ठेकेदारांशी भांडते. तरी हे प्रकरण आत्ताच लिहून टाकते आहे, कारण त्यातली माणसं जिवंत आहेत आणि मी काही गोड करून लिहिलं तर ती मला तोंडावर सांगतील. मला तेच हवं आहे. मी एकदा एका माणसाबद्दल त्याला न विचारता लिहिलं होतं, त्याचीच ही गोष्ट.

आमचं घर डिंडोलीत, खानदेशातून मागांच्या शहरात आलेल्यांच्या वस्तीत, दोन खोल्यांचं. मागच्या गल्लीत यंत्रमागांचे कारखाने होते आणि त्यांची खटखट इतकी सततची की हंड्यातल्या पाण्यावर बारीक वळ्या उठलेल्या असायच्या. लाईट जाऊन माग थांबले की झोपलेलं माणूस दचकून उठायचं. आम्ही सगळेच मोठ्यानं बोलायचो. शाळेत बाई म्हणायच्या, "वैशाली, मी बहिरी नाहीये." आबा बारा तास मागांमध्ये उभे राहून यायचे आणि कानातले कापसाचे बोळे तसेच विसरून जेवायला बसायचे, भाजी हवी का हे त्यांना खुणेनं विचारावं लागायचं. आई दारात साडी पसरून बसलेली. डाव्या हातात डिंकाची ट्यूब, उजव्या हातात चिमटा, एकेक खडा उचलून फुलाच्या मध्यावर. कळण्याची भाकरी, लसणाचा ठेचा आणि त्या डिंकाचा वास, ही माझ्या लहानपणाची चव. जमिनीवर सांडलेले खडे तळपायांना चिकटायचे. शाळेत पीटीला बूट काढले की माझे पाय चमकायचे आणि मुली हसायच्या. मला तेव्हापासून राग येतो. कशाचा, ते कळायला वेळ लागला. पण राग आधी आला, हे खरं.

आईचा स्वतःचा असा वर्षात एकच दिवस होता. आखाजी. खानदेशी बाईपुढे अक्षय तृतीया म्हणा, ती तिथीबद्दल बोलेल. आखाजी म्हणा, ती माहेराबद्दल बोलेल. त्या दिवसासाठी भाऊ बहिणीला न्यायला येतो. बहीण आपणहून गेली तर चालत नाही. न्यायला आलं पाहिजे. आईचं गावाकडे कुणी उरलं नव्हतं. तिचं माहेर म्हणजे लिंबायतच्या एका गल्लीतली निळ्या दाराची खोली, आणि त्या खोलीत राहणारा तिचा भाऊ, सुकलालमामा. मामी लवकर गेली, मूलबाळ नाही. आमच्या घरापासून ती खोली चालत जाण्यासारखी; आई एरवी भाजीची पिशवी घेऊन जाऊनही यायची. पण आखाजीला मामा खास रिक्षा करून यायचा. शेअर रिक्षात चार परक्या माणसांबरोबर बहीण न्यायची नसते, असं त्याचं म्हणणं. आई सकाळपासून नवी साडी नेसून, पिशवी भरून, उंबऱ्याशी बसलेली असायची आणि रिक्षा दिसली की मुद्दाम आत निघून जायची, म्हणजे त्यानं हाक मारावी.

माहेरी स्वयंपाक भावाचाच. मामा सांजोऱ्या करायचा, आणि त्या कधी गोल झाल्या नाहीत. आई एक हातात धरून उलटसुलट करायची. "भाऊ, ही सांजोरी शे का चप्पल?" मामा आमरस ढवळत, वर न बघता म्हणायचा, "खायीसन देख. चप्पल इतली गोड ऱ्हास का?" छताच्या कडीला तो दोराचा झोका बांधायचा. माझी आई, चाळिशीची, गुडघे खाटेला आपटत त्या एवढ्याशा खोलीत झोके घ्यायची आणि मी तिला जोरात ढकलायची. ती तशी इतर तीनशे चौसष्ट दिवस कधी हसली नाही.

मामाचं काम बीम भरायचं. कापडाची नक्षी बदलली की मागावर चढण्याआधी बीमावरचा, म्हणजे त्या मोठ्या रुळावरचा, प्रत्येक धागा पट्ट्यांच्या बारीक डोळ्यांतून नव्यानं ओवावा लागतो. हजारो धागे. आमच्याकडे त्या धाग्याला तारच म्हणतात. एक जण मागं बसून एकेक तार पुढं करतो, दुसरा समोरून हुकासारख्या बारीक आकड्यानं ती ओढून घेतो. दिवसभर दोन माणसं समोरासमोर बसतात आणि मध्ये तारांचा पडदा. एकमेकांचं तोंड धड दिसत नाही. मामा ओढणारा. आणि मामा येशूला मानणारा. त्यानं नाव बदललं नव्हतं, वेश बदलला नव्हता. रविवारी त्याच्या खोलीत सात-आठ माणसं बसायची, गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, चहा प्यायची. आबांना ते आवडत नव्हतं. पण मेहुणा आहे, माणूस सरळ आहे, म्हणून चालवून घेत.

मी सतरा-अठराची असताना एकदा त्याला विचारलं, "मामा, तुला तिथंच काय सापडलं?" तो म्हणाला, "वैशू, मी लई दारं फिरलो. एक म्हणे उपास कर. केला. दुसरा म्हणे उपास ठीक आहे, आता श्वास शिक. शिकलो. तिसऱ्यानं जाडजूड पुस्तकं दिली, म्हणे आधी 'मी कोण' ते समजून घे. प्रत्येक ठिकाणी शेवटी थोडं राहायचंच. इतकं झालं, आता एवढं राहिलं. येशूजवळ गेलो तं त्याच्याकडून काहीच राहिलं नव्हतं. माझ्याकडून अजून ढीगभर राहिलंय, पण त्याच्याकडून नही." मग आवाज खाली आणून त्यानं सांगितलं की पहिल्यांदा प्रार्थना केली ती बीम भरता भरता. तारांआड बसून रडला. जोडीदाराला दिसलं नाही, तारा ओल्या लागल्या तेव्हा तो म्हणाला, "सुकलाल, पाणी सांडलं का रे?" मामा हसला. "हे तुन्ह्या मायले बी सांगेल नही."

कॉलेजात मला प्रधान सर भेटले. बँकेत मोठ्या जागेवर, अडाजणला फ्लॅट, भिंतभर पुस्तकं. शनिवारी तिथं आमचं अभ्यास मंडळ भरायचं. मी सरांना खलनायक करणार नाही. ते सोपं होईल. त्यांनी मला पोहे खाऊ घातले, हाताला धरून वाचायला शिकवलं, आणि माझ्या रागाला पहिल्यांदा कुणीतरी शाबासकी दिली. जगात काय चुकलंय याचं प्रत्येक शनिवारी एक नवं उत्तर मिळायचं आणि मी ते तोंडपाठ करून डिंडोलीला यायची. माझ्याकडे सगळ्याचं उत्तर होतं. देवाचं, दारिद्र्याचं, आईच्या उपासांचं. आई म्हणायची, "बाई, जेवताना तरी शिकवू नको." सरांनी मला पत्रक लिहायला शिकवलं. पहिल्या ओळीत शत्रू दिसला पाहिजे. एका पत्रकात एकच गोष्ट. रिक्षाच्या धक्क्यातही वाचता आलं पाहिजे. आणि, हे त्यांचं आवडतं, पत्रकात 'पण' नसतो. 'पण' आला की वाचणारा विचार करायला लागतो आणि कागद खिशात घालतो.

त्या वर्षी मंडळानं ठरवलं, वस्त्यांमधल्या चमत्काराच्या धंद्यावर पत्रक काढायचं. धंदा होताच, खोटं नाही. पाणी फुंकून देणारे, दोरे विकणारे, सगळ्या रंगांचे. उदाहरण हवं होतं. मी म्हणाले, माझ्याकडे आहे.

मामाच्या शेजारी सुमनबाई राहायची, विधवा, टीबीच्या गोळ्या चालू. ती रविवारी प्रार्थनेला बसायची. गोळ्यांनी पोटात आग पडते म्हणून तिनं दोन दिवस त्या बंद केल्या आणि गल्लीत सांगितलं, आता येशूच बरं करील. हे खरं. पुढचंही खरं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं: मामानं कामाचा दिवस बुडवला, तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं, फाईल काखेत धरून रांगेत उभा राहिला, गोळ्या पुन्हा सुरू करवल्या, आणि मग रोज सकाळी तिच्या दारात उभा राहून तिला त्या गिळायला लावल्या. "येशू बरं करील तो करील, तू गोळी खाय." मी दोन्ही लिहिलं. "बाईनं प्रार्थनेच्या नादानं गोळ्या टाकल्या. पण प्रार्थना घेणाऱ्यानंच तिला दवाखान्यात नेऊन त्या पुन्हा सुरू केल्या." सरांनी लाल पेनानं दुसरं वाक्य खोडलं. "वैशाली, 'पण'." मी म्हणाले, "हो सर." एवढंच. दोन शब्द. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. उलट जागा रिकामी झाली म्हणून मी तिथं माझ्या मनानं एक ओळ घातली. जोरदार ओळ: "लिंबायतमधला हा बीम भरणारा भगत तारांआड बसून रडण्याचं नाटक करतो आणि भोळ्या बायका फसतात."

पत्रकावर नाव कुणाचंच नव्हतं. आम्ही ते कारखान्यांच्या दारांत पाळी सुटताना वाटलं. लिंबायतमध्ये बीम भरणारे पुष्कळ, प्रार्थना घेणारा एकच. आठवड्यात कारखान्याच्या मालकानं मामाला सांगितलं, कटकट नको, येऊ नको. खोलीमालकानं सांगितलं, खोली खाली कर. आबांच्या कारखान्यात कुणीतरी पत्रक त्यांच्या मागाला चिकटवलं आणि खाली लिहिलं, "याचा मेहुणा." आबा घरी आले तेव्हा मामा आमच्याकडेच बसला होता, चहाचा कप हातात. आबांनी पत्रक त्याच्यापुढं टाकलं. "वाच."

मामानं वाचलं. सावकाश, ओठ हलवत, तो वाचतो तसं. शेवटच्या ओळीशी थांबला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. तारांआड रडल्याचं त्यानं जगात एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि ते माणूस दाराला टेकून उभं होतं. मला वाटलं, आता बोलेल. त्यानं पत्रकाची घडी केली, खिशात घातली आणि आबांना म्हणाला, "तुमची बदनामी झाली, दाजी. माफ करा." आबा म्हणाले, "या दारात परत यायचं नाही. आखाजीला नाही, कशालाच नाही." आई मधे पडली, रडली, ओरडली, "ज्यानं लिहिलं त्याच्या जिभेला..." आणि पुढं तिला सुचेना. मी तिथंच होते. मी आईला पाणी आणून दिलं! हे मला आजही लिहवत नाही. ज्या हातानं लिहिलं त्याच हातानं पाणी.

पहिल्या आखाजीला आई पिशवी भरून उंबऱ्याशी बसली आणि दुपारी उठली. दुसऱ्या वर्षी पिशवी भरली नाही. मी सरांना सांगितलं, सर, तो माणूस रस्त्यावर आला. सर खरंच वाईट वाटून म्हणाले, "व्यक्तीकडे बघू नकोस, प्रवृत्तीकडे बघ. आणि हा अपराधीपणा सोड, ती एक चैन असते." मी वाचत सुटले. एका पुस्तकात सापडलं, दोष माणसाचा नसतो, परिस्थितीचा असतो. दुसऱ्यात सापडलं, बरं-वाईट हे ज्याचं त्यानं ठरवायचं. तिसऱ्यात तर 'मी' असं काही ठाम नसतंच. मी नसतेच, तर ते "हो सर" कुणी म्हटलं होतं? प्रत्येक पुस्तकानं मला समजून घेतलं. एकानंही मला "तू केलंस" म्हटलं नाही, म्हणून एकालाही "जा, सुटलीस" म्हणता आलं नाही. मी हे तेव्हा इतकं नीट मांडू शकले नसते. तेव्हा फक्त कळत होतं की भिंतभर पुस्तकं वाचूनही मी आईच्या डोळ्यांत बघत नाही.

तिसरी आखाजीही गेली. चौथ्या आखाजीला आई सकाळीच म्हणाली, "बाजारात जाऊन येते." मीही निघाले, मंडळाचं नवीन पत्रक वाटायचं होतं, लिंबायतलाच. गल्लीच्या तोंडाशी गठ्ठा घेऊन उभी असताना समोर शेअर रिक्षा थांबली आणि आई उतरली. अंगावर ठेवणीतली साडी, हातात तीच पिशवी. तिनं मला पाहिलं नाही. ती चालत निळ्या दारापर्यंत गेली. आता तिथं दुसरं कुटुंब राहत होतं. दार उघडं होतं, आत टीव्ही चालू. मामा कुठं गेला हे तिला माहीत नव्हतं, विचारायची तिला बंदी होती. ती थोडी उभी राहिली. मग ओट्याच्या कडेला बसली, पिशवीतून सांजोरी काढली, स्वतःच केलेली, गोल, आणि एकटीनं खाल्ली. आतली बाई बाहेर आली. "कुणाकडे आलात?" आई म्हणाली, "कुणाकडे नाही. पाय दुखले म्हणून टेकले." पदरानं तोंड पुसून ती उठली आणि परत रिक्षाकडे गेली. माझ्या हातातली पत्रकं खाली पडली होती. मी ती उचलली नाहीत. वाऱ्यानं गेली.

"लई दिवसांनी दिसलीस गं!" म्हणून मागून कुणी हाक मारली. सुमनबाई. गाल भरलेले, डोक्यावर पाण्याचा हंडा. टीबी केव्हाच बरा झाला होता. तिनंच सांगितलं, मामा कोसाडला राहतो, वसाहतीत, आणि तिकडच्याच एका कारखान्यात बीम भरतो. "तुझी लई आठवण काढतो. म्हणतो, भाची हुशार आहे."

दुसऱ्या दिवशी मी कोसाडला गेले. मामा कारखान्यातच होता, बीमासमोर पाटावर, हातात आकडा. जोडीदार गावी गेला होता म्हणून काम अडलं होतं. मला बघून तो उठला नाही, गळ्यात पडला नाही. आनंदानं एवढंच म्हणाला, "बरं झालं आलीस. बठ पलीकडे. तार देता येईल?" मला येत होतं, लहानपणी हौस म्हणून शिकले होते. मी तारांमागं बसले. कागदावरच्या नक्षीप्रमाणे तो आकडा घालायचा, मी तार द्यायची. आकडा, तार. आकडा, तार. मागांच्या खटखटाटात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. मी पाठ केलेलं सगळं विसरले. ओरडून म्हणाले, "मामा, ते पत्रक मीच लिहिलं." आकडा आला. मी तार दिली. "सुमनबाईचं पुढचं मला माहीत होतं. मीच ते खोडू दिलं. आणि रडण्याचं, ते मी माझ्या मनानं घातलं. कुणी सांगितलं नव्हतं." आकडा येत राहिला. मी तारा देत राहिले आणि रडत राहिले, आणि तारांमुळे त्याला दिसत नसेल असं मला वाटत होतं.

बऱ्याच वेळानं आकडा थांबला. "वैशू, हात थांबव. मागं एक तार चुकली."

"कुठं?"

"तू 'मीच' म्हणालीस ना, तठे."

मी डोळे पुसून म्हणाले, "राहू दे ना मामा. हजारोंमध्ये एक. कुणाला कळतंय?"

"राहू देता येत नही. कापड कितीबी लांब निघो, रेघ शेवटपर्यंत संगं चालते." आणि त्यानं उकलायला सुरुवात केली. भरलेल्या तारा एकेक करून मागं काढू लागला, चुकीच्या तारेपर्यंत. दीड तासाचं काम असेल. मला शरमेनं बसवेना. "मी करते," म्हणाले. तो तारांच्या पलीकडून म्हणाला, "तुले येनार नही ते. चुकनारानं उकलायला घेतलं तं अजून गुंतते. उकलनं मन्हं काम. तू फक्त तारा धरी ठेव, सोडू नको." मग एक तार मागं काढत, "आणि रड. मी बी असाच बसेल व्हतो."

मी पुष्कळ वाचलं आहे. पूर्णत्व या विषयावर सरांच्या घरी तीन शनिवार चर्चा झाली होती. मी टिपणं काढली होती. त्या पाटावर मला जे कळलं ते टिपणांत नव्हतं. मामानं "चालतं गं" म्हटलं नाही. चालत नव्हतंच. त्यानं "परिस्थिती" म्हटलं नाही. चूक जिथं झाली तिथपर्यंत तो स्वतः मागं गेला, स्वतःच्या बोटांनी, स्वतःचा दिवस घालून. आणि मी विचारलं तेव्हा म्हणाला, हे त्याचं नाही. त्याच्यासाठी कुणीतरी असंच मागं येऊन गेलं आहे, आणि त्याचंच उरलेलं तो माझ्यावर खर्च करतो आहे.

संध्याकाळच्या आत बीम भरून झालं. काम संपलं की नक्षीचा कागद भिंतीतल्या खिळ्याला टोचायचा, ही तिथली रीत. टोचलेल्या कागदाला पुन्हा कुणी हात लावत नाही; ते काम पुरं झालं. मामानं कागद टोचला. मग आपलं शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं, आणि त्याच्या पानांतून घडी घातलेलं पत्रक. चार वर्षं जपलेलं. मी म्हणाले, "मामा, हे का ठेवलंस?"

"आधी रोज वाचायचो. वाटायचं, हा कागद माझ्याविरुद्ध शे. मग ध्यानात आलं, हा तं तुझ्याविरुद्ध शे. ज्यानं लिहिला त्याच्याच विरुद्ध. म्हणून जपून ठेवला, दुसऱ्याच्या हाती पडायला नको." त्यानं ते नक्षीच्या कागदावर ठेवलं आणि खिळ्यावर दाबलं. खिळा आरपार गेला. "माणसाविरुद्धचा कागद येशूनं असाच क्रुसावर सोतासंगं ठोकून घेतला. मी तेच मानतो. आता याला तू हात लावू नको. मी बी लावनार नही."

मी तिथं उभ्या उभ्या प्रार्थना केली. मला येत नव्हती. "मी केलं," एवढंच म्हणाले, आणि पहिल्यांदा पुढं 'कारण' जोडलं नाही. त्या दिवसापासून मी येशूची आहे. मला सगळी उत्तरं मिळाली असं नाही. उलट होती त्यातली पुष्कळशी हातून सुटली. पण आता थोडं राहिलं, आता एवढं राहिलं, हे माझ्या मागचं भुणभुणणं थांबलं. त्याच्याकडून काही राहिलं नव्हतं.

माझ्याकडून राहिलं होतं. आणि मी ते विसरले! क्षमेच्या आनंदात तरंगत मी डिंडोलीला आले, आईसमोर बसले आणि सगळं सांगितलं. पत्रक, खोडलेलं वाक्य, कोसाड, खिळा, येशू. माझ्या चेहऱ्यावर बहुतेक हसू होतं. आईनं चिमट्यातला खडा फुलावर ठेवला, दाबला, दुसरा उचलला.

"त्याला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि त्यानं तुला माफ केलं."

"हो. आणि देवानंही..."

"केलं असेल." तिनं ट्यूबचं झाकण लावलं. "चार आखाज्या माझ्या गेल्या. तुझ्या मामाला तू विचारलंस, देवाला विचारलंस. मला अजून कुणी विचारलं नाही."

मी तिच्या पायाशी वाकले. तिनं पाय आवरून घेतले. "आज नको. आज मला राग येऊ दे."

मी उठले आणि कागद घेतला. मी पत्रक लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा खाली माझं नाव घातलं. पहिल्या ओळीत शत्रू पाहिजे, तिथं मी होते. त्यात सुमनबाईची दवाखान्याची रांग होती, फाईल होती, रोज सकाळची गोळी होती, आणि तो 'पण' जिथं होता तिथंच होता. सर म्हणाले, तू मंडळ संपवलंस. मी त्याच दारांत, त्याच पाळी सुटताना, एकटीनं ते वाटलं. काही जणांनी घेतलं, काहींनी माझ्यासमोर चुरगाळलं, एकानं विचारलं, "कितने मिले?" आबांच्या हातात मी स्वतः दिलं. त्यांनी कानातले बोळे काढले, जणू ते ऐकायचं होतं, आणि दोनदा वाचलं. माझ्याशी ते महिनाभर बोलले नाहीत. मग एका सकाळी, चपला घालता घालता, आईला म्हणाले, "सुकलालला निरोप दे. पुढच्या आखाजीला ये म्हणावं."

तो आला. कोसाडपासून डिंडोली म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं, तरी खास रिक्षा. आई उंबऱ्यावरून उठून आत गेली. मामानं हाक मारली. ती आली नाही. त्यानं दुसऱ्यांदा मारली, मग तिसऱ्यांदा. आतून नाक ओढल्याचा आवाज येत होता. शेवटी ती पिशवी घेऊन बाहेर आली आणि त्याच्या दंडावर एक चापट मारली. "चार वरीस गुपचूप बठना! माले तरी सांगता." तो म्हणाला, "सांगतो तं तू हिले मारती." मी माझी ओढणी घेऊन पुढं झाले. लहानपणापासून मी बरोबर जातच होते. आई रिक्षात बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "यंदा तू घरीच राहा."

रिक्षा गेली. मी आबांना जेवायला वाढलं आणि आईची अर्धी राहिलेली साडी घेऊन दारात बसले. एकेक खडा, फुलाच्या मध्यावर. मला वाईट वाटलं. अन्याय वाटला नाही. ज्याला देवानं सोडलं त्याला आईनंही लगेच सोडावं, असा हट्ट करायचा हक्क मला नव्हता. ती साडी मी संध्याकाळपर्यंत पुरी केली.

पुढच्या आखाजीला मी काहीच विचारलं नाही. सकाळी उठून आबांच्या डब्याला लागले. आई पिशवी भरत होती. सगळं भरून झाल्यावर तिनं दोरीवरची माझी ओढणी काढली, घडी केली, आणि पिशवीत सगळ्यात वरती ठेवली.